एकमेकांना विचारून घ्या

१४ तारीख, मंगळवार

भुंग्याच्या बाबास,

तू बरा असशील. गुडघ्याचं दुखणंही कमी झालं असेल. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना पट्टा बांधत जा, एवढं आपलं सांगून ठेवते. इकडे मी ठीक आहे. झालं, खुशाली संपली.

हे पत्र तुला पोस्टाने मिळेल. लेकीच्या सॅकमधून नाही, पोस्टाने. त्याचं कारण सांगणार आहे, पण आधी तुझ्या त्या प्रोसेसरबद्दल बोलायचंय, कारण त्याबद्दल बोलल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

मला एक सांग, तुला काय घाई झाली होती? पोरगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडणार होती. साधासुधा नाही, खेळांचा. गेलं वर्षभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. जेवताना पॉवर सप्लाय, केस विंचरताना पंखे, आंघोळीच्या दाराआडून ग्राफिक्स कार्ड. उगाच नाही आपण तिला भुंगा म्हणत. सुट्टीत त्या स्टेशनरीच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी राहून पैसे कमावले आणि त्यातून तिने कॅबिनेट घेतलं, पॉवर सप्लाय घेतला, वर्गातल्या मैत्रिणीच्या भावाकडून त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. राहिल्या दोन मोठ्या वस्तू. त्या तिने आपल्याकडे मागितल्या. प्रोसेसर बाबाकडून, मदरबोर्ड आईकडून.

आणि तू काय पाठवलंस? खोक्यावर चिठ्ठी चिकटवून पाठवलंस. ती चिठ्ठी मी फाडून टाकली, पण पाठ आहे मला. "दुकानातला सगळ्यात भारी आहे. बोर्ड काय, कुठलाही चालतो. आईला कळेल तो ती आणेल."

आईला कळेल तो! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वीस वर्षं मी गणवेशांच्या कारखान्यात कापड कापतेय. माझ्या टेबलावर एका वेळी साठ-साठ थर लागतात. एका रेघेची चूक झाली तर साठ पोरांचे सदरे वाया जातात, म्हणून माझी रेघ चुकत नाही. बाही कितीही झकास कापा, मुंडा मोजलेला नसेल तर ती बाही कुणाच्या खांद्याला लावणार? हे मला कळतं. "कुठलाही चालतो" हे वाक्य माझ्या टेबलाशी कुणी बोललं असतं तर त्याला मी कात्री दाखवली असती.

तर ऐक काय झालं ते. तिने जेवणाचं टेबल पुसलं, त्यावर जुनी चादर घातली, सगळी खोकी ओळीने मांडली. मला म्हणाली, "आई, नळाला हात लाव आधी. अंगातली वीज जाऊ दे." मी मुकाट नळाला हात लावला. तिने माझा बोर्ड बाहेर काढला. काय सुंदर दिसत होता तो, खरंच सांगते. मग त्यावरची ती बारकी पट्टी उचलून खाच उघडली. मग तुझा प्रोसेसर काढला, उलटा केला, आणि थांबली. पुन्हा बोर्डाकडे बघितलं. पुन्हा प्रोसेसरकडे.

"आई, याला खाली पिना आहेत."

"मग?"

"बोर्डाच्या खाचेतही पिनाच आहेत. भोकं कुणालाच नाहीत."

दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या जातीचे. जन्मात एकमेकांत बसणार नाहीत. ती आधी हसली. हसता हसता खुर्चीत बसली. मग हसणं थांबलं आणि तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तू बाबाला विचारलं होतंस?"

आता तू म्हणशील, हेच मला तुला विचारायचंय. थांब. माझं पुरं होऊ दे. म्हणून तर लिहितेय. त्या समुपदेशक बाईंनी चार वर्षांपूर्वी आपल्याला समोर बसवून काय सांगितलं होतं, आठवतंय ना? "फोनवर तुम्ही दोघं एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. जे सांगायचं ते लिहा." आपण लगेच मान डोलावली. सोळा वर्षांच्या संसारात आपलं एकमत झालेली ती बहुतेक एकमेव गोष्ट. आणि पत्रं न्यायची कुणी? तिने. एक शनिवार सोडून एक शनिवार ती तुझ्याकडे येते, तेव्हा सॅकमध्ये कपडे, पुस्तकं आणि आईचं पाकीट. परत येताना बाबाचं पाकीट. फीचं काय, दाताच्या डॉक्टरकडे कोण नेणार, सहलीला पाठवायचं की नाही, सगळं पाकिटातून. आपल्याला वाटत होतं, किती शहाणपणाने चाललंय.

तिने विचारलं त्यावर मी काय म्हटलं ते सांगते. मी म्हटलं, "त्याने मला विचारलं का?"

 तिने प्रोसेसर परत खोक्यात ठेवला, बोर्ड परत खोक्यात ठेवला, आणि चादरीची घडी घातली. मी त्याच रात्री तुला पत्र लिहिलं. ते तुला मिळालेलं नाही. त्यात काय होतं ते तुला अंदाजाने कळेलच. सकाळी तिच्या सॅकमध्ये ठेवायला गेले तर तिने ते बाहेर काढून माझ्या हातात परत दिलं. "मी नाही नेणार."

"का?"

"तुम्हाला दोघांना मी वेगवेगळं सांगितलं होतं, पण सांगितलं एकच होतं. एकमेकांना विचारून घ्या. एवढंच होतं, आई. कुठला घेतलाय, हा एक प्रश्न. त्याला पाकीट लागत नाही."

म्हणजे तिने तुलाही तेच सांगितलं होतं. मला वाटत होतं, मलाच सांगितलंय आणि तुला नाही, म्हणजे तुझी चूक नाही असं कुणी म्हणालं तर... जाऊ दे. सांगितलं होतं ना तुला? आणि तू काय केलंस? तू गेलास दुकानात, छाती पुढे काढून, "सगळ्यात भारी दाखवा". लिफ्टची मोटर उघडता येते म्हणून जगातलं प्रत्येक यंत्र आपल्या घरचं, असं तुला कायम वाटत आलंय. आपलं कपडे धुवायचं मशीन तूच उघडलं होतंस. मग वर्षभर मी हाताने धुतले.

दुकानदाराने तुला नक्की विचारलं असणार, बोर्ड कुठला आहे म्हणून. त्याने मलाही विचारलं होतं. तो जाड चष्म्याचा, वळणावरच्या गल्लीतला; तुझ्या खोक्यावरही त्याच्याच दुकानाचा शिक्का होता. "प्रोसेसर कुठला घेतलाय?" मी म्हटलं, "तो दुसरं कुणीतरी आणतंय." तो म्हणाला, "मग ताई, त्यांना विचारून या ना, मी ठेवतो बाजूला काढून." मी म्हटलं, "विचारायची गरज नाही. चांगल्यातला चांगला द्या." दोन फेऱ्या मारल्या होत्या मी त्या दुकानात. दोन्ही वेळा हेच झालं. हो. लिहिलं मी हे. आता त्यावरून मला बोलायचं नाही.

तुझं नाव घेऊन दुकानातून फोन करायचा, तू उचलणार, पहिलं वाक्य म्हणणार "आता काय झालं?", त्या आवाजात, आणि मी चार लोकांसमोर उभी. नको वाटलं मला. तुलाही तसंच काहीतरी नको वाटलं असेल. माझा आवाज काय असतो ते तू तुझ्या पत्रात लिहिशीलच.

मग ती तुझ्याकडे आली, चार तारखेच्या शनिवारी, खोकं घेऊन. रविवारी परत आली. दारातच उभी राहिली, पायात बूट तसेच. मी विचारलं, "काय म्हणाला?"

ती म्हणाली, "तो म्हणाला, आईला सांग, बोर्ड बदलून आण. माझा प्रोसेसर चांगला आहे."

मी म्हटलं, "बघ! म्हणजे स्वतःचं काही चुकलं हे..."

"आई," ती म्हणाली, "शुक्रवारी तू काय म्हणालीस?"

शुक्रवारी मी म्हटलं होतं, बाबाला सांग, प्रोसेसर बदलून आण, माझा बोर्ड चांगला आहे.

"शब्दसुद्धा तेच," ती म्हणाली. "तुम्ही ठरवून बोलता का रे दोघं?" मला "रे" म्हणाली. म्हणजे मला एकटीला म्हणत नव्हती.

आता ते कारण. ती त्याच संध्याकाळी माझ्या बहिणीकडे गेली. मावशीकडे, राहायला. कपडे, पुस्तकं, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड, आणि आपली ती दोन शहाणी खोकी. रिक्षात मावेना तर दोन फेऱ्या केल्या. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मदत करू का विचारलं तर म्हणाली, "नको, मीच करते, सवय आहे." अठरा वर्षांची पोरगी. कसली सवय आहे तिला? दोन घरांत सामान वाहायची सवय.

तर या शनिवारी ती तुझ्याकडे येणार नाही. वाट बघू नकोस. तिच्यासाठी काही आणून ठेवू नकोस. माझ्याकडेही ती नाही, म्हणून तू "आईने पाठवलं नाही" असं म्हणत शेजाऱ्यांना ऐकवत बसू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

आणि हेही नको म्हणूस की मी तिला घालवलं. तिच्या खोलीतल्या गादीला मी अजून हात लावलेला नाही. तीच आवरून गेली आहे, उशीसुद्धा सरळ करून, लॉज सोडून जाताना माणसं आवरतात ना, तशी. मी तिथे जाऊन बसते आणि मला तुझा राग येतो, तिचा येतो, त्या चष्मेवाल्याचाही येतो. त्याने दोघांना वस्तू विकल्याच का? सांगायचं नाही का, आधी घरी जाऊन बोला म्हणून?

त्याने सांगितलं होतं. माहीत आहे.

आज एवढंच. हात दुखायला लागला. उद्या कामावरून येताना पोस्टात टाकते.

१६ तारीख, गुरुवार

टाकलं नाही. काल कारखान्यातून सुटल्यावर पोस्टाकडे वळायच्या ऐवजी बहिणीकडे गेले. न सांगता. बहिणीने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाली, "भांडायला आली असशील तर चहा घेऊन परत जा." म्हणजे बघ, माझ्या सख्ख्या बहिणीचंही माझ्याबद्दल काय मत आहे. तुझ्याबद्दल काय आहे ते मी इथे लिहीत नाही.

आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर तिने सगळं मांडलं होतं. कॅबिनेट आडवं, झाकण काढलेलं. माझ्याकडे वळून न बघताच म्हणाली, "आलीस तर टॉर्च धर. पण बोलायचं नाही."

मी टॉर्च धरला. तुला माहीत आहे, गप्प राहणं मला कधी जमलं नाही. काल जमवलं. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

समोर नवा बोर्ड होता आणि नवा प्रोसेसर होता. माझा नव्हता, तुझाही नव्हता. आपले दोन्ही ती घेऊन गेली होती त्या चष्मेवाल्याकडे. त्याने खोकी बघितली आणि तिला विचारलं, "ते दोघं तुझेच का?" ती म्हणाली, हो. त्याने जास्त काही विचारलं नाही, दोन्ही परत घेतले आणि तिला एक जोडी काढून दिली. तुझ्याइतका भारी प्रोसेसर नाही आणि माझ्याइतका दणकट बोर्ड नाही. पण एकमेकांना चालतात. मला हे बहिणीने नंतर स्वयंपाकघरात सांगितलं आणि सांगताना ती हसली. मला नाही हसू आलं. परक्या माणसाने ओळखलं रे आपल्याला. नुसत्या खरेदीवरून ओळखलं.

तिने प्रोसेसर दोन बोटांत धरला, कोपऱ्यावरची खूण बघितली, बोर्डावरची खूण बघितली, आणि सोडून दिला. नुसता सोडून दिला. दाबला नाही. तो बसला.  ती स्वतःशीच म्हणाली, "बसायचा असला की आपोआप बसतो. जोर लावायचा नाही." मग पट्टी खाली केली, तेव्हा मात्र करकर असा आवाज झाला आणि आम्ही दोघी दचकलो. ती म्हणाली, "असाच होतो आवाज, वाचलंय मी." पण घाबरली होती. मला कळलं. तिचा खालचा ओठ आत जातो घाबरली की, तुझ्यासारखा.

पुढे तो थंड करायचा पंखा, रॅम, मग कसल्या कसल्या वायरी. मला वाटलं होतं तासाभराचं काम असेल. बहीण दोनदा येऊन दिवा लावू का विचारून गेली. शेवटी तिने बटण दाबलं. सगळे पंखे फिरले, आत लाल-निळे दिवे लागले, आणि पडदा काळा. काहीच नाही. तिचा चेहरा असा पडला की मी तोंड उघडणार होते. उघडलं नाही. तिने बंद केलं, परत चालू केलं. काळाच. रॅम काढून परत बसवली. काळाच. मग मागे वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पडद्याची वायर बोर्डाला लावली होती, ग्राफिक्स कार्डाला लावायची होती. लावली. लागला पडदा.

ती उडी मारून ओरडली आणि माझ्या गळ्यात पडली. विसरून पडली. आठवल्यावर बाजूला झाली, पण तोवर मी तिला घट्ट धरलं होतं.

मला रडायला आलं. आनंदाने नाही. राग आला म्हणून. इतकी सुंदर गोष्ट तू बघितली नाहीस म्हणून तुझा राग आला. तू तिथे असतास तर मी तुला उभं राहू दिलं नसतं, तरीही.

मग तिने सांगितलं. खेळ आत भरायला वेळ लागतो म्हणे, रेघ पुढे पुढे सरकत होती, आणि ती त्या रेघेकडे बघत बोलत होती. तिला प्रवेश मिळालाय. खेळ तयार करायला शिकवतात त्या कॉलेजात, गाडीने चार तासांवर. वसतिगृह आहे. सव्वीस तारखेला, रविवारी जायचंय. फॉर्म भरला, परीक्षा दिली, सगळं आपल्या नाकाखाली, आणि आपण दोघं पाकिटात दाताच्या डॉक्टरवर भांडत होतो.

मी विचारलं, "बाबाला माहीत आहे?"

"नाही. तू सांग."

"मी कशाला? तूच..."

"तू सांग. लिहून सांग, फोनवर सांग, त्याच्या दारात जाऊन ओरडून सांग. पण मी नाही सांगणार. तुमचा निरोप मी आता नेणार नाही. कुठलाच. चांगलाही नाही."

मी म्हटलं, "बरं." काय म्हणणार?

"आणि अजून एक." तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "पोचवायला आणि नंतर भेटायला, यायचं असेल तर दोघांनी यायचं. एका वेळी. एकटं कुणी आलं तर मी खाली उतरणार नाही. तू आलीस तरी नाही, तो आला तरी नाही."

"हे म्हणजे आमच्या मानेवर सुरी ठेवणं झालं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. शांतपणे. "तुम्हाला परत एकत्र बघायचंय वगैरे असलं काही नाही हं माझं. तुम्ही एका घरात नव्हतात राहू शकत, मला माहीत आहे, मी होते तिथे. मला फक्त मधून बाजूला व्हायचंय."

मी खूप बोलले मग. दिलेला शब्द मोडला. म्हटलं, तापात कोण जागलं? पालकसभेला कोण गेलं? तुझा बाबा विसरला होता तेव्हा पावसात शाळेच्या फाटकावर कोण आलं होतं? आणि आता माझ्या पोटच्या पोरीला भेटायचं तर मी त्या माणसाची वाट बघू? तो वेळेवर येईल का, येईल का तरी, त्यावर माझं भेटणं? त्याने मला छळायचं म्हणून नुसतं घरी बसायचं ठरवलं तर?

ती म्हणाली, "तर तू त्याला नीट बोलाव."

एवढंच. आणि खेळ भरून झाला होता, तर तिने कानाला हेडफोन लावले.

बस थांब्यावर आल्यावर मला कळेना की मी कुणावर चिडलेय. रात्रभर तुला शिव्या घालणारं पत्र मनात लिहीत होते. हे तेच पत्र आहे. आणखी दोन-तीन गोष्टी लिहायच्या होत्या, तुझ्या बहिणीच्या लग्नात तू मला काय बोललास तीही, पण त्या राहू देत. त्या मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. तू मला जे बोललास ते तसंच आहे आणि मी तुला जे बोलले तेही तसंच असेल, तुझ्याकडे. त्याचा निकाल लागायचा नाही आणि लागला नाही तरी आता चालेल.

तर कामाचं. सव्वीस तारीख, रविवार, सकाळी नऊ, माझ्या बहिणीच्या फाटकाशी. गाडी तू आण, माझ्याकडे नाही हे तुला माहीत आहे. मागची सीट पूर्ण मोकळी ठेव, तुझी ती तेलकट अवजारं काढून ठेव. कॅबिनेट आडवं ठेवून न्यायचंय, उभं ठेवलं तर धक्क्यांनी आतल्या कार्डावर भार येतो, असं ती सांगते. ते आडवं ठेवलं की मागे तिच्यापुरतीच जागा उरते. म्हणजे मी पुढे बसणार. तुझ्या शेजारी. चार तास. मला माहीत आहे तू गाडी कशी चालवतोस, आणि तुला माहीत आहे मी शेजारी बसून काय काय बोलते. मी तोंड मिटून बसायचा प्रयत्न करेन. जमेलच असं सांगत नाही.

तू हे पत्र वाचून सगळ्यात आधी चिडशील. चिड. मग तुला वाटेल, हिला गरज आहे ना, मग बसू दे हिला वाट बघत. मला तुझा स्वभाव तोंडपाठ आहे. मला त्रास होत असेल तर तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेशील. पण या वेळी तो धोंडा तिघांच्या पायावर पडेल. मी एकटी गेले तर ती खाली उतरणार नाही. तू एकटा गेलास तरी नाही. ती खोटं बोलत नाही, आणि हट्ट कुणाचा घेतलाय ते आपल्याला माहीत आहे.

मला वसतिगृहाच्या फाटकावर उभं राहून तिच्या खिडकीकडे बघत परत यायचं नाहीये. हे मला सहन होणार नाही. बाकी सगळं मी सहन केलं, तुझ्याशिवाय केलं, तुला न विचारता केलं, आणि त्याचा मला गर्व आहे. पण हे तुझ्याशिवाय होत नाही. हे वाक्य लिहायच्या आधी मी उठून दोनदा पाणी पिऊन आले.

मी तुला "जा" पुष्कळदा म्हटलंय. दार उघडं धरूनही म्हटलंय. आज म्हणते, ये. नवाच्या आधी ये. माझ्यासाठी नको, पण मी म्हणतेय म्हणून ये. कृपा कर.

उत्तर तिच्या हाती देऊ नकोस. मला दे.

अजूनही रागातच,
तिची आई